कंसातली शांतता

"हे इथं टेबलावर राहू दे, आणि ते आहे हे विसरूनच जा," असं म्हणून संचालिकाबाईंनी काड्यापेटीएवढं ध्वनिमुद्रणाचं यंत्र डस्टरशेजारी ठेवलं, वर्गाकडे बघून गोड हसल्या आणि निघून गेल्या.

विसरून जा म्हटलं की माणसाला दुसरं काही सुचत नाही. मॅडमनी फळ्यावर तारीख लिहिली आणि पुढे काय लिहायचं होतं तेच विसरल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीने उगाच घसा खाकरला. मागून कुणीतरी यंत्राला नीट ऐकू जाईल अशा आवाजात "नमस्कार मॅडम" म्हणालं आणि वर्ग हसला. मॅडमही हसल्या, आणि हसता हसता त्यांना उदाहरण आठवलं.

संध्याकाळचा तो वर्ग पहिल्या वर्षाच्या गणितात नापास झालेल्यांचा होता. विद्यापीठाच्या वेळापत्रकात त्याला 'पुनरध्ययन वर्ग' असं भारदस्त नाव होतं. मुलं त्याला 'गॅरेज' म्हणत. सगळी दिवसभर कुठे ना कुठे राबून येणारी माणसं. पहिल्या बाकावरची ती मुलगी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची. एक जण गाद्यांच्या दुकानात होता. मधल्या रांगेत तिशीतला एक सुरक्षारक्षक बसायचा. वर्ग सुटला की तो थेट रात्रपाळीला जायचा, म्हणून गणवेशातच यायचा. त्याला सगळे 'साहेब' म्हणत, आणि त्यालाही ते चांगलंच मानवलं होतं.

मॅडमही तशाच राबून आलेल्या असत. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी इथं, आणि तिन्हीकडे तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवला तेवढा तास आपला. सुट्ट्या, आजारपण, परीक्षांचा महिना हे ज्याचं त्याने बघायचं. सत्र संपलं की नेमणूक संपायची, आणि पुढचं सत्र अगदी तोंडावर येईपर्यंत कुणी काही सांगायचं नाही. बरीच वर्षं हे असंच चाललं होतं. किती, असं कुणी विचारलंच तर मॅडम "झाली की" म्हणत आणि विषय बदलत.

दोन कॉलेजांत बोलून बोलून संध्याकाळपर्यंत घशाची पार वाट लागलेली असायची. म्हणून गॅरेजमध्ये त्यांनी एक सवय लावून घेतली होती. फळ्यावर उदाहरण मांडायचं, कुणाच्या तरी हातात खडू द्यायचा आणि आपण शेवटच्या बाकावर जाऊन बसायचं. घशालाही विसावा, पायांनाही. सुरुवातीला त्यांना याची लाज वाटायची. आपण कामचुकारपणा करतोय असं वाटून अर्धं लक्ष दाराकडे असायचं. पण त्या वर्गातली मुलं एकेक करून पास व्हायला लागली, आणि दिवसाचा हा शेवटचा तास, जेव्हा उभं राहायचंही त्राण नसायचं, तोच त्यांचा सगळ्यात आवडता झाला. "बाकीची दोन गेली तरी चालतील, हा एक वर्ग जाऊ नये," असं त्या घरी वहिनीला म्हणायच्या, आणि ते अगदी मनापासून म्हणायच्या.

संशोधनाचं बोलावणं आलं तेव्हा त्यांना वाटलं, चुकून आलं असेल. विद्यापीठात अध्यापन आणि अध्ययनावर संशोधन करणारं एक केंद्र होतं, पण त्याच्या पायऱ्या फक्त कायम नोकरीतले प्राध्यापक चढायचे. तिथं या संचालिकाबाई नव्याने आल्या. मॅडमपेक्षा वयाने बऱ्याच लहान, हुशार, आणि मनाने खरोखर चांगल्या. त्यांच्या लक्षात आलं की पहिल्या वर्षाचे निम्म्याहून जास्त तास अर्धवेळ लोक घेतात, पण शिकवण्याविषयी काही विचारायची वेळ आली की त्यांना कुणी हिंग लावून विचारत नाही. त्यांनी सगळ्या अर्धवेळवाल्यांना बोलावून घेतलं.

"तुम्ही आमचे नमुने नाही, सहसंशोधक आहात," त्या पहिल्या बैठकीत म्हणाल्या.

बैठकीत प्रत्येकाला खुर्ची होती आणि प्रत्येकासमोर पाण्याची बंद बाटली होती. मॅडमच्या शेजारी भौतिकशास्त्राचे सर बसले होते. ते कॉलेजा-कॉलेजांतून स्कूटरवर फिरत आणि त्यांचं हेल्मेट काखेतून कधी खाली येत नसे, म्हणून त्यांना सगळे 'हेल्मेट सर' म्हणायचे. ते मॅडमच्या कानाशी लागले. "बाटली घरी न्यायची, का इथंच ठेवून जायची?"

"ठेवा हो खाली. बघतायत सगळे."

"पुढच्या वर्षी तासिका वाटताना," संचालिकाबाई सांगत होत्या, "विभागाकडे तुमच्या कामाचा काहीतरी पुरावा असेल. आत्ता तुमच्याबद्दल कुणाकडे काहीच नाहीये."

हे वाक्य मॅडमनी घरी पोचेपर्यंत मनात घोळवलं. पुरावा मिळाला तर गॅरेज आपल्याकडे राहील. दर सत्राच्या आधी जीव मुठीत धरून फोनची वाट बघायला नको. याहून जास्त त्यांनी काही मागितलं नव्हतं.

ध्वनिमुद्रण ज्याचं त्याने उतरवून काढायचं होतं. सोबत सूचनांचं एक पान होतं. जे ऐकू येईल तेच लिहावं, पदरचं काही घालू नये. कुणीच बोलत नसेल तिथे कंसात 'शांतता' असं लिहावं.

रविवारी दुपारी मॅडम ते काम घेऊन बसल्या. त्या दादा-वहिनींकडे राहायच्या. बाहेरच्या खोलीत एका भिंतीला वहिनीचं शिलाई मशीन आणि समोरच्या भिंतीला मॅडमचं टेबल. शाळा उघडायच्या आधी वहिनीकडे गणवेशांचा ढीग पडायचा आणि मॅडमकडे उत्तरपत्रिकांचा, तेव्हा दादा स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचत बसायचा, कारण त्याला दुसरीकडे जागाच उरायची नाही. वहिनी त्यांना थट्टेने वन्सं म्हणायची आणि पुढे अहोजाहोही लावायची.

"वन्सं! अहो वन्सं! हाका मारून घसा बसला माझा. कानात काय घातलंय?"

"माझाच तास ऐकतेय."

"जगाला ऐकवून भागलं नाही वाटतं?" वहिनी उठून खांद्यावरून संगणकाच्या पडद्यावर डोकावली. "शांतता. शांतता. इथं पण शांतता. अगं बाई, तुम्ही तिथं शिकवता का झोपता?"

"मुलं विचार करत असतात तेव्हा."

"आणि तुम्ही?"

"मी बसलेली असते."

"नुसतं बसायचे पैसे? मग मलाही चिकटवा की तिथं. मशीनवर बसून बसून माझं आयुष्य गेलं, कुणी विचारलंसुद्धा नाही." आणि ती हसत परत मशीनकडे गेली.

मॅडमनी पुन्हा ऐकायला सुरुवात केली. खडूचा आवाज येत होता. साहेब फळ्यापाशी होता. मग खडू थांबला. बराच वेळ काहीच नाही. कुणाची तरी वही खाली पडली. मग पुन्हा खडू, यावेळी जरा जोरात.

मॅडमना तो क्षण लख्ख आठवला. साहेबाने दोन्ही बाजूंना उणे दोनने भागलं होतं आणि मधलं लहान-मोठेपणाचं चिन्ह तसंच ठेवलं होतं. उणे संख्येने भागलं की ते चिन्ह उलटं करावं लागतं, आणि गॅरेजमधली निम्मी माणसं याच एका चुकीपायी तिथं आलेली होती. साहेबाला काहीतरी खटकलं असावं. तो वळला आणि थेट शेवटच्या बाकाकडे बघायला लागला. मॅडमनी मान हलवली नाही, भुवई उचलली नाही. त्या फक्त त्याच्याकडे बघत राहिल्या. नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ. चुकलंस असंही त्यात नव्हतं, बरोबर आहे असंही नव्हतं. 'बघ बरं पुन्हा', एवढंच होतं. तो परत फळ्याकडे वळला, एकेका ओळीवरून बोट फिरवत आला, त्या चिन्हापाशी थांबला, ते पुसून उलटं केलं आणि स्वतःशीच "हात्तिच्या" म्हणाला. ते 'हात्तिच्या' यंत्रात बरोबर आलं होतं.

हे सगळं लिहावं का, असं मॅडमच्या मनात आलं. पण ऐकू तर त्यातलं काहीच आलं नव्हतं. पदरचं घालू नये, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर पाठ भरून आली होती, डोळे मिटत होते, आणि सकाळच्या कॉलेजच्या उत्तरपत्रिका अजून तशाच पडल्या होत्या. नेमून दिलेलं काम नेमून दिलं तसंच करायचं, हे अर्धवेळ माणसाच्या हाडीमाशी खिळलेलं असतं. जास्तीचं काही केलं तर कुणीतरी विचारतं की हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं. त्यांनी कंसात 'शांतता' लिहिलं. पुढच्या ठिकाणीही तेच लिहिलं, त्याच्याही पुढे तेच लिहिलं, आणि काम वेळेत पोचतं केलं.

सत्र संपलं आणि निकाल लागला. गॅरेज जवळजवळ सगळं पास झालं. साहेबाने गणवेशाच्या खिशातून बिस्किटांचे पुडे काढून सगळ्यांना वाटले. रक्ताच्या नळ्यांवाली मुलगी तेवढी थोडक्यात राहिली. ती परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणली होती. मॅडमना तिचं वाईट वाटलं, पण बाकीच्यांचा आनंद इतका होता की त्या दिवशी त्या बसमध्ये उभ्याने घरी गेल्या आणि पाय दुखल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

केंद्राच्या शेवटच्या बैठकीला या वेळी गणिताचे विभागप्रमुखही आले होते. तासिका कुणाला द्यायच्या आणि कुणाला नाही, हे त्यांच्या हातात होतं. ते आल्याआल्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसले. पडद्यावर उभ्या पट्ट्या होत्या. एक पट्टी शिक्षक किती बोलतो याची, शेजारची मुलं किती शिकतात याची. हेल्मेट सरांची बोलण्याची पट्टी पार वरपर्यंत गेली होती.

"दिवसभराचं साचलेलं असतं हो," ते पुटपुटले.

मॅडमची बोलण्याची पट्टी बुटकी होती. शेजारची मुलांची पट्टी सगळ्यांत उंच.

"बघितलंत?" संचालिकाबाईंचा चेहरा फुलला होता. "मॅडमच्या तासातला निम्म्याहून जास्त वेळ शांतता आहे. नुसती शांतता! आणि निकाल बघा. आपण याला 'मौन अध्यापन' म्हणू या. मला तर वाटतं, या सगळ्या संशोधनातून हाती लागलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे."

टाळ्या वाजल्या. मॅडमचे कान गरम झाले. आनंद झाला, खोटं कशाला बोलायचं. इतक्या वर्षांत त्यांच्यासाठी या इमारतीत कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

विभागप्रमुखांनी मोबाईल खाली ठेवला. "म्हणजे निम्मा वेळ मुलं आपली आपणच शिकतात?"

"स्वतः विचार करून शिकतात, सर."

"तेच म्हणतोय मी. मग त्या निम्म्या वेळात शिक्षक कशाला लागतो?"

"असा अर्थ लगेच काढता येणार नाही, सर," संचालिकाबाई म्हणाल्या. पण लगेच त्यांच्यातला संशोधक जागा झाला. "प्रश्न मात्र चांगला आहे. तपासायला हवा."

मॅडम उभ्या राहिल्या. बैठकीत उभं राहून बोलायचं नसतं हे त्यांना नंतर आठवलं. "सर, मी गप्प असते. पण मी असते तिथं."

"असता म्हणजे काय करता?"

"बघते."

"काय बघता?"

"मुलांकडे बघते. चुकली की ती थांबतात, वळून माझ्याकडे बघतात. मी त्यांच्याकडे बघते. मग त्यांचं त्यांना कळतं."

विभागप्रमुख हसले. वाईट हसले नाहीत, वडीलकीने हसले. "मॅडम, तुमचं बघणं मी वेळापत्रकात कुठल्या रकान्यात दाखवू?"

संचालिकाबाई तोवर घाईघाईने कागद उलटत होत्या. "मॅडम, हे फार महत्त्वाचं सांगताय तुम्ही. पण उताऱ्यात यातलं काहीच नाहीये हो. तुम्हीच उतरवलंय ना? हे बघा. शांतता. इथंही शांतता."

"ऐकू येईल तेच लिहा म्हणाला होतात."

"हो." त्या थांबल्या. "हो, तेही खरंच."

"मी पुन्हा लिहून देते. मला सगळं आठवतंय. कोण कुठं थांबलं, कोणी कधी बघितलं, सगळं."

"आता मागाहून आठवून लिहिलेलं नाही धरता येत, मॅडम." त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. तोंडावर दिसत होतं ते.

बाहेर आल्यावर हेल्मेट सर स्कूटरपाशी थांबले होते. "आपण बडबडलो म्हणून वाचलो बघा. माझी तर एक मिनिट शांतता नाही सापडली त्यांना." मग मॅडमचा चेहरा बघून म्हणाले, "बसा मागे. स्टॉपपर्यंत सोडतो."

नव्या सत्राचं वेळापत्रक लागलं. गॅरेजच्या आठवड्यातल्या तीन तासांपैकी सोमवारचा तेवढा मॅडमच्या नावावर होता, 'मार्गदर्शन' म्हणून. उरलेल्या दोन तासांपुढे 'स्वयंअध्ययन' असं लिहिलं होतं. शिक्षकाच्या जागी नुसती एक आडवी रेघ होती. मॅडम त्या फलकापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात थोडी ताकद लागते.

त्याच संध्याकाळी संचालिकाबाईंचा फोन आला. वहिनी मशीनवर होती, मॅडम टेबलापाशी.

"मॅडम, मला हे असं व्हायला नको होतं," त्या म्हणाल्या. "मी सांगून बघितलं. पण आता झालंच आहे, तर मी त्याचाही अभ्यास मांडलाय. तीन तास तुमच्यासोबत शिकलेली मागची मुलं, आणि आताची ही एकाच तासाची. नीट तुलना होईल. तुम्ही म्हणाला होतात ना, मी असते तिथं? ते सिद्ध करायची हीच संधी आहे."

"कसं सिद्ध होईल?"

"निकाल घसरला तर. निकाल घसरला तर मी स्वतः आकडे घेऊन वर जाईन आणि भांडेन. तुमचे तिन्ही तास तुम्हाला परत मिळतील, लिहून घ्या माझ्याकडून. फक्त एक करा, त्या दोन तासांना वर्गात जाऊ नका. नाहीतर तुलना बिघडेल."

"आणि निकाल चांगला लागला तर?"

"मग सोमवारचाही प्रश्न निघेल," संचालिकाबाई म्हणाल्या. "मी खोटं नाही सांगत तुम्हाला."

मॅडमनी फोन ठेवला. मशीन थांबलं होतं. वहिनीने सगळं ऐकलं होतं. या घरात फोन खाजगीत बोलायला कोपराच नव्हता.

"म्हणजे पोरं नापास झाली की तुमचं भलं," वहिनी म्हणाली.

"तसंच दिसतंय."

"आणि पास झाली की तुम्ही घरी."

"हो."

वहिनीने दाताने दोरा तोडला. "तुम्हाला काही करायचंय का त्यात? काहीच नाही करायचं. गप्प घरी यायचं. तेवढं तर येतं म्हणे तुम्हाला, टाळ्यासुद्धा वाजल्या त्याबद्दल." ती हसायला गेली, पण मॅडमच्या तोंडाकडे बघून उठली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. "मी आपलं बोलले हो. पण खरंच सांगते, जाऊ नका. आयुष्यभर तुम्ही लोकांचं बघितलंत. एकदा स्वतःचं बघा."

"नाही जात," मॅडम म्हणाल्या.

आणि त्या गेल्याही नाहीत, काही आठवडे. सोमवारी तास घ्यायच्या. मुलं नवी होती, फक्त पहिल्या बाकावर तीच रक्ताच्या नळ्यांवाली. सोमवारी फळ्यावर जे चालायचं ते ठीक चालायचं, पण पुढच्या सोमवारपर्यंत सगळी भलत्याच वाटेला लागलेली असायची. एकाने चुकीची ओळ लिहिली की सगळ्यांच्या वह्यांत ती जशीच्या तशी असायची. "मधल्या दोन तासांना काय करता तुम्ही?" असं मॅडमनी एकदा विचारलं.

"आपलं आपण करतो, मॅडम," नळ्यांवाली म्हणाली. "हजेरीला काका असतात. पण ते आमच्याकडे बघतच नाहीत. त्यांना तरी काय कळणार म्हणा."

ते मॅडमच्या मनाला लागलं.

मग एका गुरुवारी त्या चुकून विद्यापीठाच्या स्टॉपवर उतरल्या. अगदी चुकून. दुपारच्या कॉलेजात जादा तास घेऊन डोकं बधिर झालं होतं, आणि पाय जुन्या सवयीने उतरले. आपण कुठं आलो हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्या दुसऱ्या मजल्यावर पोचल्या होत्या आणि समोर गॅरेजचं दार उघडं होतं. आत दिवे लागले होते. शेवटच्या बाकावर, त्यांच्या जागी, हजेरीचे काका बसले होते. कार्यालयातले जुने शिपाई, आता निवृत्तीला आलेले. हजेरीचा कागद मांडीवर ठेवून ते चष्म्याची काच पुसत होते.

मॅडम दारात थांबल्या तसे काका लगबगीने उठून बाहेर आले.

"मॅडम, आत नका येऊ हं. वरून सांगितलंय. कसला तरी अभ्यास चाललाय म्हणे, तुम्ही आलात तर बिघडतो."

"माहीत आहे, काका. मी नुसती चालले होते."

"तोंड केवढंसं झालंय तुमचं. कुठून आलात?"

"दुपारच्या कॉलेजातून."

काकांनी त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं, त्यांच्या पायांकडे बघितलं. मग आत जाऊन त्यांनी टेबलामागची शिक्षकांची खुर्ची उचलली आणि बाहेर व्हरांड्यात आणून ठेवली. "बसा घटकाभर. आत नाही म्हणालेत. व्हरांड्याचं मला कुणी काही बोललेलं नाही."

ते पुन्हा आत गेले आणि मघासारखे चष्मा पुसायला लागले.

मॅडम खुर्चीकडे बघत उभ्या राहिल्या. उघड्या दारातून फळा सरळ दिसत होता. नळ्यांवाली मुलगी खडू घेऊन उभी होती. दोन्ही बाजूंना तिने उणे तीनने भागलं होतं आणि चिन्ह तसंच ठेवलं होतं. मागचे सगळे खाली माना घालून तीच ओळ उतरवून घेत होते. ती थांबली. काहीतरी चुकतंय हे तिला कळत होतं, कुठे ते कळत नव्हतं. तिने वळून शेवटच्या बाकाकडे बघितलं. काका चष्मा उजेडाला धरून बघत होते.

मॅडमना गणित येत होतं. इथं बसलं तर ही मुलगी या खेपेला सुटेल. बाकीचीही सुटतील. मग पडद्यावरची ती पट्टी उंच जाईल, आणि सोमवारच्या तासापुढेही एक आडवी रेघ येईल. परतीची बस खाली स्टॉपवर अजून मिळाली असती. घरी वहिनी वाट बघत असेल, आणि आपण तिला शब्द दिलाय. पाय ठणकत होते. इतकं दमायला झालं होतं की कुणीतरी येऊन 'चला घरी' म्हणालं असतं तर त्या मुकाट्याने गेल्या असत्या.

कुणी आलं नाही. मॅडमनी खुर्ची थोडी सरकवली, दाराच्या बरोबर समोर आणली, पिशवी मांडीवर घेतली आणि बसल्या.

मुलगी अजून वळलेलीच होती. तिची नजर शेवटच्या बाकावरून निघून भिंतीवर गेली, खिडकीवर गेली, आणि दारात येऊन थांबली. तिने मॅडमना बघितलं. मॅडमनी तिला बघितलं. मुलीने ओळ वाचली, हाताने चिन्ह पुसलं आणि उलटं काढलं. मागून दोन-तीन जण "ए, का बदललंस?" म्हणाले, आणि ती त्यांना सांगायला लागली.

व्हरांड्यातून विभागप्रमुख येत होते. दिवस संपवून घरी निघालेले, हातात गाडीची किल्ली. व्हरांड्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेल्या मॅडमना बघून ते थबकले.

"काय मॅडम, इथं बसलात? कुणाची वाट बघताय का?"

"नाही सर," मॅडम म्हणाल्या. "माझा तास चालू आहे."

त्यांनी सरांकडे मान वळवली नाही. आत आता दुसराच एक मुलगा फळ्यापाशी गेला होता, आणि तो कुठल्याही क्षणी वळून बघणार होता.